शेवयावाल्या मायची गल्ली

पुण्यातली माणसं मला विचारतात, तुमच्या जालन्याकडं बघण्यासारखं काय आहे हो? पूर्वी मी सांगायची, औरंगाबादला उतरा, वेरूळ बघा आणि तिथूनच परत फिरा. आता सांगते, जालन्याचं कादराबाद बघा. गाडीनं नाही, पायी बघा. फक्त तुमचं स्वतःचं माणूस तिथं राहत असेल तर जाऊ नका. जीव जळतो. माझा असा जळला की परत आल्यावर चार दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही.

मी गेले होते मायला आणायला. आईला आम्ही माय म्हणतो, आमच्या आष्टीकडं तसंच म्हणतात. आष्टी म्हणजे परतूर तालुक्यातली, आमचं शेत तिथंच. वडील गेले, शेत बटईनं दिलं आणि मायपुढं प्रश्न आला की राहायचं कुठं. आम्ही दोघी बहिणीच. मी थोरली, पुण्याला टेलिफोनच्या ऑफिसात. धाकटी मंगल जालन्याला, तिचे यजमान शाळेत मास्तर. तेव्हा मी म्हटलं होतं, माझ्याकडं चल. माय म्हणाली, लेकीच्या घरी राहणं बरं दिसत न्हाई. मंग चार महिन्यांसाठी म्हणून मंगलकडं गेली ती गेलीच. मंगल काय लेक नव्हती? हा प्रश्न मी तिला कितीदा विचारला, पण त्यावर ती पदर तोंडाला लावून हसायची.

या वेळी मी पक्कं ठरवून गेले. आमच्या फ्लॅटमधली मागची खोली मायसाठी रंगवून घेतली. खिडकीतून गुलमोहर दिसतो. तिला गादी नको म्हणून नवार लावलेली खाट आणली, देवाला कोनाडा केला. होळी झाली, पाडवा तोंडावर होता. पाडव्याची गुढी मायच्या हातानं आमच्या गॅलरीत उभी करायची, असं मी माझ्या मुलीला, मनूला, सांगून निघाले होते.

स्टँडपासून गल्लीपर्यंत

जालना हे नदीच्या दोन काठांवर बसलेलं गाव. एकीकडं जुना जालना, दुसरीकडं कादराबाद, मधी कुंडलिका. मार्चात नदीत पाणी कसलं, डबकी आणि म्हशी. कादराबादेत शिरलं की रस्ता एकदम बारीक होतो. बियाणांची दुकानं, त्यांच्या मागं किराण्याची मारवाडी पेढी, मंग अत्तरवाला, मंग कल्हईवाला, त्याच्या भट्टीच्या धुरात मशिदीची भिंत आणि भिंतीला लागून जैन मंदिराचं मागचं दार. दगडी जोती, वर लाकडी सज्जे, सज्ज्यांवर वाळत घातलेल्या साड्या आणि सलवारी एकाच दोरीवर. निजामाच्या राज्यात वसलेली वस्ती ही, आणि ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो बसला. तेलगू बोलणारी घरंसुद्धा आहेत. आमच्या आष्टीत आळ्या वेगवेगळ्या, अगदी पाण्याच्या आडापर्यंत वेगवेगळ्या. इथं कुठली आळी कुठं संपते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मंगलचं हे घर मी पाहिलेलं नव्हतं. पूर्वी ती शाळेजवळ राहायची, आणि आमच्या भेटी आष्टीला, लग्नाकार्यातच व्हायच्या. लाखेच्या बांगड्यांच्या एका दुकानाशी थांबून मी जगन्नाथ मास्तरांचं घर विचारलं. दुकानदार मणियार, दाढी मेंदीनं रंगवलेली. मास्तर? त्यानं मान हलवली. मी शाळेचं नाव सांगितलं. पुन्हा मान हलवली. शेवटी म्हटलं, त्यांच्याकडं एक म्हातारी बाई राहते, आष्टीची.

"शेवयावाली माय? अरे, ऐसा बोलो ना," म्हणाला, आणि दुकान तसंच उघडं टाकून माझी पिशवी घेऊन पुढं चालायला लागला.

वाटेत त्यानं मला माझ्या मायची खबरबात सांगितली. थंडीत खोकला झाला होता, आता बिलकुल नाही. गूळ खात न्हाई, साखर खाते. देवळात जाते ती उन्हं उतरल्यावर. मंग त्यानं विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या? मी म्हटलं, मुलगी. पुण्याची. तो जरा थांबला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला की हां, पुण्याला एक लेक हाय असं ऐकून होतो. ऐकून होतो! जीव जळायला लागला तो तिथं, त्या कल्हईच्या धुरात.

उघडं दार

मंगलचं दार सताड उघडं आणि घरात कोणी नाही. पुण्यात आम्ही कचरा टाकायला जातानाही कुलूप लावतो. मी पिशवी ठेवून उभी राहिले. समोरच्या जोत्यावरून कोणीतरी ओरडून सांगितलं की माय शेठजीच्या दुकानात बसली हाय, येतेच. मला वाटलं होतं, माय उंबऱ्यात वाट बघत असेल, डोळ्यांना पदर लावेल. माय आली ती कोणाशी तरी हसत, मागं वळून वळून बोलत आली. मला बघून म्हणाली, "आलीस का? हातपाय धू. ऊन लई झालंय." बस. एवढंच. मंगल पाठोपाठ आली, दळण घेऊन. ती बिचारी गळ्यात पडली, पण मला तिचं पडणं नको होतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार पीठ, पाण्यात कालवून उकळायचं. पुण्यात मी करते ते पिठल्यासारखं होतं. मंगलनं मायची भाकरी आमटीत चुरून दिली आणि माय चमच्यानं खात बसली. दात गेले असतील, मी मनात म्हटलं. आणि लगेच मनात आलं, मंगलला माहीत आहे किती बारीक चुरायची ते.

जेवण झाल्याबरोबर मी खोलीचा विषय काढला. गुलमोहर, खाट, कोनाडा, सगळं सांगितलं. मंगल भांडी घेऊन आत गेली. मायनं ऐकून घेतलं आणि उठली. म्हणाली, "चल, आधी तुला गल्ली दाखवते. मंग बोलू."

मायच्या मागं मागं

आष्टीची माझी माय घराबाहेर पडायची ती वडलांच्या मागं, दहा पावलं सोडून, डोक्यावरून पदर घेऊन. कोणी परका पुरुष दिसला की भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. ही बाई माझ्यापुढं चालत होती. पदर डोक्यावरच होता, पण मान वर होती, आणि चालता चालता दोन्ही बाजूंच्या दारांत डोकावून बोलत होती. कोणाशी मराठीत, कोणाशी हिंदीत. हिंदी म्हणजे कसली, "तुम्हारा पोरगा बरा हाय का अब?" अशी. पण सगळ्यांना बराबर कळत होती.

शेठजीच्या दुकानात मायसाठी एक स्टूल ठरलेलं आहे. त्यावर दुसरं कोणी बसत नाही. गल्लीत फोन त्या एकाच दुकानात, म्हणून माझे फोन तिथंच यायचे. मी टेलिफोनमध्ये नोकरीला, आणि माझ्या मायशी बोलायला मला एका किराणा दुकानदाराची मेहरबानी लागायची. शेठजींनी हात जोडले, आमच्यासाठी राजस्थानी शेव मागवली आणि म्हणाले, ताई, तुमचा फोन आला की माय आधी केस विंचरते. हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं, हे ह्यांना माहीत आणि मला नाही.

तिथून रूथबाईंकडं. ह्या मिशनच्या दवाखान्यातल्या रिटायर झालेल्या नर्स, एकट्या राहतात, पांढरी कडक साडी, भिंतीवर येशूचं चित्र आणि त्याखाली ओळीनं लोणच्याच्या बरण्या. मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. त्यांनी मायला खुर्चीत बसवलं, ब्लडप्रेशर बघितलं आणि मंग तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन बोटं एकेक चोळत बसल्या. मूठ आवळा म्हणाल्या, सोडा म्हणाल्या, पुन्हा आवळा. गप्पा चालल्या होत्या माझ्याशी, पुण्यात पाणी किती वेळ येतं वगैरे, पण हात मायच्या हातात. किती वेळ! मी मायचा हात असा शेवटचा धरला त्याला किती वर्षं झाली असतील ते आठवेना. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, पुण्यात आमच्या घराखालीच डॉक्टर आहे. रूथबाई नुसत्या हसल्या.

बाहेर पडल्यावर मी मायला म्हटलं, बरीच लाडावून ठेवलीय ह्यांनी तुला. माय म्हणाली, तुला राग आलाय का? मी म्हटलं, छे. गल्ली फार छान आहे, असंही म्हटलं.

मुमताज खालांचं अंगण

सगळ्यात शेवटी मायनं मला जिथं नेलं ते मुमताज खालांचं घर, खाला म्हणजे मावशी. गल्लीच्या टोकाला मोठं अंगण, मधी कडुलिंब. खालांचे यजमान कधीचे गेलेत, मुलगा ट्रकवर असतो, घरात त्या आणि सून रेहाना. रेहानाचं माहेर भोकरदनकडलं, धावड्याचं, शेतकऱ्याचंच घर. वय पंचवीसच्या आतबाहेर. लहानपणीच तिची आई वारली, हे मला नंतर कळलं.

अंगणाच्या भिंतीला खिळ्यावर एक पितळी लोटा टांगलेला. खालांनी तो उतरवला, घासला, त्यात पाणी भरून मायला दिलं. माय माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी शिजणाऱ्या भांड्यातलं पाणी ती पीत नाही. तर ह्या घरात मायचा लोटा वेगळा, मायच्या चहाचं पातेलं वेगळं, आणि ते दोन्ही दुसऱ्या कोणी वापरलं तर खाला आरडाओरडा करतात. मला गंमत वाटली. शिवाशिव पाळायची तर पुरती पाळावी, मोडायची तर पुरती मोडावी, असलं माझं पुणेरी झालेलं डोकं. ह्या दोघींनी त्यातून एक लोटा काढला होता आणि त्यावर त्यांचं बिलकुल सुखानं चाललं होतं.

चहा आला. मायनं बशीत ओतून घेतला आणि बशी दोन्ही हातांनी धरून प्यायली. खालासुद्धा तशाच पीत होत्या. बघा, मी मनात म्हटलं, चहा प्यायचीसुद्धा ह्यांचीच रीत उचलली.

खाला बोलण्यात खट. मला म्हणाल्या, "तुमारी माँ को लेके जाने आये ना तुम? नक्को लेके जाओ. हमारी ईद कौन करेगा?" मंग माझ्या लक्षात आलं की मायला शेवयावाली का म्हणतात. रमजान आठवड्या-दोन आठवड्यांवर होता. ईदला शिरखुर्मा, शिरखुर्म्याला शेवया. बाजारात मशीनच्या मिळतात, पण खालांना हातच्या लागतात. आणि हातच्या, पाटावरच्या शेवया माझ्या मायसारख्या सगळ्या परतूर तालुक्यात कोणाला येत नव्हत्या. आष्टीत लग्नघरातून तिला बोलावणं यायचं. गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ करून त्याचं सपीठ घ्यायचं. ते घट्ट मळायचं, कुटायचं. बाजेच्या कडेला पाट तिरका टेकवायचा. एकीनं वर बसून पिठाचा उंडा तळहाताखाली वळत राहायचं, खाली दोऱ्यासारखी शेवई उतरत येते, दुसरीनं ती न तोडता झेलायची आणि काठीवर घालायची. मायची शेवई सुईच्या नेढ्यातून जाईल म्हणायचे. लहानपणी मी पाटाजवळ गेले की माय हाकलायची. जा, अभ्यास कर.

तेवढ्यात आतून रेहाना आली, हातांना पीठ, आणि म्हणाली, "माय, बघ ना, आता बराबर झालं का?"

माय. मौसी नाही, अम्मा नाही. माय. अगदी आमच्या घरातला शब्द, आमच्यासारखाच, ओढून म्हटलेला. आणि माझी माय उठली, तिच्या हातातला उंडा दाबून बघितला, म्हणाली, अजून थोडं कुट. रेहाना हसत आत गेली. खाला अभिमानानं सांगायला लागल्या की गेल्या साली मौसीनं पोरीला शिकवलं, आता पोरीचा हात मौसीसारखा चालतो, जरा पण फरक न्हाई.

तर सांगते, त्या क्षणी मला त्या आईवेगळ्या पोरीचा इतका हेवा वाटला की मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. कडुलिंबाखाली एक बाज होती, पांढरं धोतर अंथरलेली. मी तिकडं गेले आणि त्यावर धपकन बसले.

कर्र आवाज झाला.

धोतराखाली शेवया होत्या. दोन दिवसांच्या, वाळवलेल्या, ईदच्या. पुण्यात राहून राहून मी विसरले होते की मार्च महिन्यात आपल्याकडं झाकलेल्या बाजेवर कोणी बसत नाही. आष्टीतलं शेंबडं पोरसुद्धा बसलं नसतं.

खालांनी कपाळाला हात लावला. मंग म्हणाल्या, "पूनेवाली हमारी ईद पे बैठ गई." आणि हसायला लागल्या. माय हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला, रेहाना दारातून हसत होती. मी उठले तर साडीला शेवया चिकटलेल्या. माझ्याशिवाय सगळ्यांना ती गोष्ट गमतीची वाटत होती, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. मणियारानं मला रस्त्यात विचारलं, ताई, लागलं तर न्हाई ना?

पाटावर

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शेवया करायच्या ठरल्या. मोडलेल्या भरून द्यायच्या तर मी हात लावणारच, असं मी जाहीर केलं. आत हिशेब वेगळा होता. आज माय पाटावर बसेल, मी तिच्याजवळ बसेन, जे मला कधी शिकवलं नाही ते शिकवेल, आणि ती पोर बघत राहील.

खालांनी आधी खायला घातलं. हैदराबादी खिचडी आणि चिंचेचं खट्टं, पापड. माझ्यासाठी खिमाही होता, मायसाठी वेगळ्या पातेल्यातलं वरण. अप्रतिम. हे लिहितानाही त्या खट्ट्याची चव जिभेवर आहे. पोट भरल्यावर माणसाचा मत्सर कमी होतो असं कोणाला वाटत असेल तर माझा झाला नाही.

पाट टेकवला. आणि वर बसली रेहाना. माय खाली बसली, काठ्या घेऊन, डाव्या हातानं झेलायला. मी म्हटलं, माय, तू वर बस ना. माय म्हणाली, मी झेलते. मी म्हटलं, मला बघायचंय तुझ्या हातचं. माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता तिचं काम हाय ते."

म्हणजे आपली जागासुद्धा देऊन टाकली. मी थोडा वेळ उभी राहिले. रेहानाच्या हाताखालून शेवई उतरत होती, एकसारखी, न तुटता, पावसाळ्यात पागोळी लागते तशी. माय झेलत होती. मधून मधून एखादा शब्द बोलायची, हलकं, जल्दी नको, आणि पोरीचा हात लगेच तसा व्हायचा. मला तिथं कोणाची गरज नव्हती.

मंग मी रेहानाला उठवलं आणि मीच बसले. माझी पहिली शेवई वीतभर उतरली आणि तुटली. दुसरी बोटभर जाड. तिसरी गांडुळासारखी. खाला तोंडाला ओढणी लावून बघत होत्या. घामानं माझे केस कपाळाला चिकटले. माय खालून शांतपणे माझे तुकडे गोळा करून एका ताटलीत ठेवत होती. न राहवून मी म्हटलं, मला का नाही शिकवलंस तू? परक्या पोरीला शिकवलंस.

माय म्हणाली, "तुला शिकवलं असतं तर तू आष्टीतच राह्यली असती. तुझा हात पेनासाठी ठेवला मी."

रेहानानं मान खाली घातली. खाला आत निघून गेल्या. मी उठून हात धुतले.

नदीवरचा पूल

त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर माय आणि मी पुलापर्यंत चालत गेलो. पुलावरून दोन्ही काठ दिसतात, मशिदीचे मिनार, देवळाचं शिखर, पलीकडं चर्चचा क्रूस आणि फार लांब लोखंडाच्या कारखान्यांचा धूर. माय कठड्याला टेकून उभी होती. मी सरळच विचारलं, चलतेस ना उद्या?

ती म्हणाली की मागं ती आमच्याकडं महिनाभर राहून गेली होती तेव्हा चार वाजल्यापासून दारात बसायची. मी सहाला यायची. येताना जिन्यात चपलांचा आवाज यायचा, ती उठायची, तर दुसरंच कोणीतरी वर जायचं.

"तिथं मला कोणी हाक मारत न्हाई, शालू," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी मारीन. ती म्हणाली, रविवारी.

मंग माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, मंगल जवळची, शेठ जवळचा, नर्स जवळची, आणि ती रेहाना तर काय, पोटचीच. मी कोण? ऐकून असलेली पुण्याची लेक. हे सगळं पुलावर, येणारेजाणारे थांबून बघत असताना. मी दमल्यावर माय म्हणाली, "तिला माय न्हाई. तुला हाय. जिला न्हाई तिचा हेवा करतेस का?"

परतताना ती माझा दंड धरून चालली. मला वाटलं, समजूत काढायला धरलाय.

डबा

निघताना रेहानानं एक पत्र्याचा डबा आणून दिला, तळाशी कागद घालून, वरून फडकं बांधून. मायनं सांगितलं की ह्यात शेवया हायेत, पाडव्याच्या खिरीला, अर्ध्या माझ्या, अर्ध्या पोरीच्या. वेगळी एक छोटी पुडी माझ्या तुकड्यांची. मी म्हटलं, एकत्र का घातल्या? मला तुझ्याच पाहिजेत. माय म्हणाली, ओळखशील की. मी म्हटलं, न ओळखायला काय झालं.

बसमध्ये त्या डब्याला मी वडीगोद्रीला चढलेल्या एका बाईला हात लावू दिला नाही. मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत आणला. शेजारची खिडकी मायसाठी धरली होती, तिथं मी माझी पिशवी ठेवली.

पाडव्याला आम्ही गुढी उभी केली, मनूनं आणि मी. मंग डबा उघडला. मनू म्हणाली, आजीच्या कोणत्या? मी म्हटलं, थांब. परातीत सगळ्या मोकळ्या केल्या. एकेक काडी खिडकीच्या उजेडात धरली. सगळ्या सारख्या. सगळ्या बारीक, लांब, मायच्या. पुन्हा बघितल्या, चष्मा लावून. मनू कंटाळून निघून गेली. शेवटी मी ज्या ओळखल्या त्या पुडीतल्या, माझ्या. बाकी सगळ्या मी एकत्रच शिजवल्या.

दुपारी शेठजींच्या दुकानात फोन लावला. माय आली, तिनं पहिला प्रश्न हाच विचारला. ओळखल्यास का?

"ओळखल्या," मी म्हटलं. "तुझ्या काय लपतात?"

मंग माय म्हणाली, "बरं झालं. पोरीला सांगते." आणि रिसीव्हर मंगलकडं दिला.

शेठजींच्या तराजूचा आवाज येत होता. मंग ती हळू म्हणाली, "ताई, त्या डब्यात मायच्या हातची एक पण काडी न्हाई गं. दिवाळीपासून तिच्या उजव्या हातात ताकदच न्हाई राह्यली. घास पण धरता येत न्हाई. तुला सांगू नका म्हणली, सगळ्यांना बजावलं तिनं. शालू ऐकंल तर त्याच दिवशी घेऊन जाईल म्हणली."

मी फोन ठेवला. चुरलेली भाकरी, दोन हातांतली बशी, रूथबाईंच्या मांडीवरची बोटं, डाव्या हाताचं झेलणं, पुलावरून येताना धरलेला माझा दंड. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मी तिथं कोण तिच्या किती जवळ आहे ते मोजत होते. मणियाराला माहीत होतं. शेठजींना माहीत होतं. त्या पोरीला तर माहीत होतंच, ती हात होऊन बसली होती. अख्ख्या गल्लीनं मिळून मायचा एक हात माझ्यापासून लपवला, आणि कोणी फुटलं नाही. मला कोणासाठी असं गप्प बसता आलं नसतं.

खीर जेवणात सगळ्यांनी दोनदा घेतली.

मागच्या खोलीत आता मनू अभ्यास करते. ईदला मी रजा टाकली आहे. पुण्याला आणायला म्हणून जात नाही, तेवढं शेठजींच्या फोनवर कळवलं आहे. पाटावर वर रेहाना बसते, खाली माय झेलते. त्या कामात तिसरी जागा नसते. तरी मी जाणार आहे. बाजेवर न बसता, उभी राहीन.